नोकरी पक्की, पगार वेळेवर, तरी रविवारी संध्याकाळी छातीत धडधड का?

लष्करवाली, ग्वाल्हेर

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले, कारण काल रविवारी दिवेलागणीला देवापुढे वात लावताना हात थरथरत होते. सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं? मला उत्तर देता आलं नाही. झालं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, इतकंच.

वय ५२. मध्य प्रदेश सरकारच्या एका विभागात बाबू आहे. विभागाचं नाव लिहीत नाही. वडील याच खात्यात होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि १९९८ मध्ये मला अनुकंपा नियुक्ती मिळाली, सहायक ग्रेड तीन म्हणून. २०१२ मध्ये ग्रेड दोन झाले. सध्या स्थापना शाखा माझ्याकडे आहे: सेवापुस्तिका, रजा, वेतननिश्चिती, पेन्शनची प्रकरणं. हे काम मला आवडतं, ते आधीच सांगते. एखाद्याची सेवापुस्तिका पहिल्या पानापासून वाचत गेलं की अख्खा माणूस समोर उभा राहतो. रुजू झाल्याची तारीख, पहिली वेतनवाढ, बाळंतपणाची रजा, कधी एखादी ठपक्याची नोंद, बदल्या, आणि शेवटी निवृत्तीचा आदेश. त्यात एक नोंद चुकली तर त्या माणसाचं म्हातारपण अडतं, हे मी वडिलांच्या वेळी घरी पाहिलंय. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला चौदा महिने लागले होते. म्हणून मी प्रत्येक नोंद दोनदा तपासते.

आता त्रासाचं सांगते. महिन्याभरापूर्वीची गोष्ट आहे. आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरची ग्रॅच्युइटी अडकली आहे. त्यांनी १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर तक्रार केली. मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही तक्रार आधी एल-१ अधिकाऱ्याकडे येते, ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही तर एल-२, एल-३ असं करत एल-४ पर्यंत चढते. तक्रार करणाऱ्याने फोनवर 'मी संतुष्ट आहे' म्हटलं की ती चांगल्या रीतीने बंद झाली असं धरतात. यावर दर महिन्याला विभागांची आणि जिल्ह्यांची ग्रेड लागते. सोमवारी टीएल, म्हणजे टाइम लिमिटची बैठक असते, तिथे साहेबांना उभं करून विचारतात. मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी समोर ऐकणं.

त्या ड्रायव्हरचं प्रकरण मी वेळेत पाठवलं होतं. पेन्शन कार्यालयाने आक्षेप काढला की १९९६ च्या वेतननिश्चितीचं विकल्पपत्र, म्हणजे नवं वेतनमान स्वीकारल्याचं कर्मचाऱ्याचं पत्र, सेवापुस्तिकेत नाही. १९९६ मध्ये मी नोकरीतच नव्हते. ते पत्र कुणी लावलं, कुणी काढलं, मला कुठून ठाऊक असणार? पण सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला, तुमच्या एका शाखेमुळे आपल्या अख्ख्या विभागाची ग्रेड घसरते आहे. दुपारी कारण बताओ नोटीस टेबलावर. दोन दिवसांत खुलासा द्या. आणि तोंडी आदेश असा, की त्या माणसाला फोन करा, समजवा, तक्रार बंद करवून घ्या.

मी फोन केला. २८ वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्या माणसाला त्याचे पैसे मिळालेले नाहीत त्याला मी विनवत होते, की तुम्ही संतुष्ट आहात असं सांगा. ते शांतपणे म्हणाले, 'मॅडम, तुमच्याविरुद्ध माझं काही नाही. पण पैसे हातात आले नाहीत तर संतुष्ट कसं म्हणू?' त्यांचं बरोबर होतं. मी 'हो' म्हणून फोन ठेवला आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले.

त्या दिवसापासून फोन वाजला की पोटात गोळा येतो. ब्लड प्रेशर मोजलं तर १५०/९६ निघालं. मुलावर विनाकारण ओरडते. तानसेन समारोह म्हणजे माझा जीव. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी गाणं ऐकायला जायचे, पुढेही दर डिसेंबरला एक दिवसाची सीएल ठेवलेली असायची. २०२४ मध्ये शंभरावा समारोह आमच्या गावात झाला आणि मी घरी बसून राहिले. जाववलं नाही. म्हणजे हे या एका फोनमुळे झालेलं नाही, आधीपासून मुरत आलंय.

आणखी एक सल आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने पदोन्नतीचे २००२ चे नियम रद्द केले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तेव्हापासून आमच्या राज्यात पदोन्नत्या थांबल्या. २०१८ मध्ये निवृत्तीचं वय ६० चं ६२ झालं. २०२५ च्या जूनमध्ये नवे नियम आले, तेही लगेच कोर्टात गेले. खटल्यात कुणाची बाजू बरोबर यावर मी काही म्हणत नाही. मी एवढंच पाहिलं, की माझ्या आधीचे दोन बडे बाबू त्याच खुर्चीवरून हार घालून घरी गेले. त्यातले एक निरोप समारंभात म्हणाले, 'नावापुढे मुख्य लिपिक लागलं असतं तर नातवाला दाखवलं असतं.' समयमान वेतनमानाने, म्हणजे ठरावीक वर्षांनी पदोन्नतीशिवाय मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीने, पगार वाढतो, ते मी नाकारत नाही. पण हळदीकुंकवाला कुणी विचारलं, अजून तिथेच का तुम्ही, की घास अडकल्यासारखं होतं.

शाखेत पूर्वी आम्ही पाच होतो. आता दोघं, आणि एक आउटसोर्सचा मुलगा आहे, ज्याला स्वतःचाच पुढचा महिना ठाऊक नसतो.

मला मनापासून विचारायचंय. हा दोष माझ्या स्वभावाचा आहे का? पक्की नोकरी असताना असं वाटणं म्हणजे कृतघ्नपणा का? सरकारी, बँकेच्या, वीज मंडळाच्या नोकरीत असलेल्यांना असं होतं का, आणि कुणाला कशाने खरंच बरं वाटलं?

अभय_इंदूर

ताई, राग मानू नका, पण मनात आलं ते लिहितो. मी खासगी कंपनीत होतो. गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता ईमेल आला आणि संध्याकाळी माझं कार्ड गेटवर चालेना. सहा महिने घरी होतो. घराचा हप्ता वडिलांच्या पेन्शनमधून भरला, आणि ते पेन्शन तुमच्यासारख्याच कुणीतरी वेळेवर मंजूर केलेलं होतं. त्या सहा महिन्यांत मला रोज वाटायचं, काहीही असो, एक सरकारी खुर्ची असती तर रात्री झोप लागली असती. तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नोकरी जाईल ही भीती काय असते ते पाहिल्यावर मला तुमच्याकडे जे आहे ते फार मोठं वाटतं.

बँकवाली, इंदूर

अभय, तुमचं दुःख समजतं. तरीही ताईंच्या बाजूने बोलते, कारण मी दोन्ही पाहिलंय.

मी एका सरकारी बँकेत कॅश काउंटरवर होते. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी जाहीर झाली. पुढचे सात-आठ आठवडे आम्ही कसे काढले ते आठवलं तरी पाठ दुखते. सकाळी नऊला शटरबाहेर रांग वळण घेऊन गल्लीत शिरलेली असायची. हिशेब जुळवून घरी यायला रात्रीचे साडेदहा वाजायचे. एकदा साडेचार हजारांचा फरक आला, तो मी माझ्या खिशातून भरला. तरी सांगते, त्या दिवसांत मला रविवारची भीती वाटली नाही. मॅनेजर स्वतः काउंटरवर बसत होते. शाखेतले सगळे एकत्र जेवायचो, कुणाची भाजी, कुणाच्या पोळ्या. एका बाईंच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं, त्यांचं काम झालं तेव्हा त्यांनी काचेपलीकडून हात जोडले. ती बाई मला अजून दिसते.

माझं बिनसलं ते नंतर, काम कमी झाल्यावर. रोज सकाळी ग्रुपवर यादी यायची, आज कुणी किती विमा पॉलिस्या विकल्या. आपल्या नावापुढे शून्य असलं की तो शून्य सगळ्यांना दिसायचा. पेन्शन काढायला आलेल्या आजोबांना, ज्यांना सही करायलाही हाताला आधार द्यावा लागतो, त्यांना पाच वर्षांची पॉलिसी घ्या असं मला सांगायचं होतं. मी एकदा सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून घेतली. त्या रात्री मी जेवले नाही.

ताई, तुमचा तो फोन आणि माझी ती पॉलिसी मला एकाच जातीच्या वाटतात. काम किती आहे याने माणूस थकतो, पण झोपून उठला की ताजा होतो. जे चूक आहे ते आपल्या तोंडून वदवून घेतलं जातं, त्याचा शीण झोपेने जात नाही.

निवृत्त लेखापरीक्षक, ग्वाल्हेर

मुली, तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे, म्हणून अगं-तुगं करतो. मी केंद्राच्या लेखा खात्यात ३६ वर्षं काढली. ग्वाल्हेरात बाबूगिरी घराघरात आहे. १९५६ मध्ये मध्य भारत विलीन होऊन राजधानी भोपाळला गेली, तरी कितीतरी मोठी कार्यालयं इथेच राहिली आणि त्यांच्याबरोबर आमची मराठी कुटुंबंही फायलींत राहिली. माझे वडील मोतीमहालात होते. संध्याकाळी ते सायकल लावून आत येत, तो चेहरा बघून आई ठरवायची की आज घरखर्चाचा विषय काढायचा की नाही. म्हणजे तू लिहितेस ते नवीन नाही. हेल्पलाइन नवीन आहे.

आधी दोन कामाच्या गोष्टी सांगतो.

एक कोरी वही आण. तुझ्याकडे आलेलं प्रत्येक पेन्शन प्रकरण त्यात लिही: कधी आलं, तू कधी पाठवलंस, कुणाकडे, जावक क्रमांक काय, आक्षेप कधी आला, स्मरणपत्र कधी गेलं. सॉफ्टवेअरमध्ये सगळं असतं हे मला माहीत आहे. तरी ही वही तुझ्या हस्ताक्षरात हवी. मी १९८७ मध्ये ती सुरू केली, एका वरिष्ठांनी विनाकारण माझ्यावर उशिराचा ठपका ठेवल्यावर. वहीने माझी वरिष्ठांपासून सुटका केली असं नाही. पण रात्री झोपताना मला पक्कं ठाऊक असायचं की चेंडू कुणाच्या अंगणात आहे. जे माझ्या अंगणात नाही त्याची काळजी मी उशाला घेईनासा झालो.

दुसरं, तोंडी आदेशावर फोन करू नकोस. नोटशीटवर, म्हणजे फायलीतल्या टिपणीच्या कागदावर लिही, 'तक्रारदारास प्रकरणाची सद्यस्थिती कळविण्याबाबत आदेश व्हावेत.' साहेब सही करतील. मग तू फोन करशील तो स्थिती सांगायला. बंद करा म्हणून विनवायला नव्हे. खुलाशातही रडगाणं नको. चार तारखा, चार क्रमांक, खाली सही.

आणि वसुलीची भीती तुझ्या मनात असणारच. चुकीची निश्चिती निघाली, म्हाताऱ्याकडून लाखभर वसूल झाले, ते माझ्या सहीमुळे, ही भीती प्रत्येक स्थापना बाबूला असते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ ला पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या निकालात तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी जादा दिलेल्या पगाराची वसुली करू नये असं म्हटलं आहे. तो निकाल छापून तुझ्या कपाटात ठेव.

आता मनातलं. माझ्या ३६ वर्षांत एकच अधिकारी असे भेटले, जे माझी टीप पूर्ण वाचत. चूक असली तर बाजूला पेन्सिलीने लिहीत, बरोबर असली तर छोटीशी खूण करत. ते दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात मी एकदाही आजारी रजा घेतली नाही, हे मला निवृत्तीच्या वेळी स्वतःची रजेची नोंद बघताना समजलं. नंतरच्या दहा वर्षांत माझी टीप कुणी वाचली नाही, फक्त सही झाली. हार्टचा त्रास त्याच काळात सुरू झाला. त्याचा याच्याशी संबंध होता का, मला सांगता येणार नाही.

मनोविद्या, वडोदरा

काकांनी शेवटी जे लिहिलं, त्याच प्रश्नावर लंडनमध्ये फार मोठं काम झालंय. मी वडोदऱ्यात समुपदेशन करते, त्याआधी बरीच वर्षं औद्योगिक मानसशास्त्र शिकवत होते. वर्गात या अभ्यासापाशी आले की मला माझे बाबा आठवायचे. तेही सरकारी कारकून होते.

व्हाइटहॉल हा तो भाग जिथे ब्रिटिश सरकारची मंत्रालयं आहेत. तिथल्या सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची नोंद १९६७ पासून ठेवली गेली. सगळे सरकारी, सगळ्यांची नोकरी स्थिर, कुणी उपाशी नाही, दवाखाना सगळ्यांना मोफत. तोवर समज असा होता की हृदयविकार हा मोठ्या जबाबदारीच्या साहेबांचा रोग. निघालं उलटं. सर्वात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई, दारवान अशा लोकांचा मृत्युदर सर्वात वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. आणि मधली प्रत्येक पायरी तिच्या वरच्या पायरीपेक्षा वाईट. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही फरकाचा बराच भाग उरत होता. मग मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, १०,३०८ कर्मचारी, यावेळी स्त्रियाही. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: आपलं काम कसं करायचं, कधी करायचं, यात माणसाला किती वाव आहे. वाव कमी तिथे हृदयविकार जास्त.

ताई, आता तुमचा सोमवार बघा. विकल्पपत्र १९९६ चं, आक्षेप दुसऱ्या कार्यालयाचा, ग्रेड तिसऱ्याची, आणि खुलासा तुमचा. जबाबदारी पूर्ण तुमच्यावर आणि हातात काहीच नाही. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. अशा जागी कुणालाही बसवलं तर त्याचं शरीर हेच करेल. काकांची वही मला म्हणूनच फार आवडली. तिने तुमचा अधिकार वाढणार नाही, पण जेवढा आहे तेवढा डोळ्यांना दिसेल.

पदोन्नतीचंही तसंच आहे. जर्मनीत काम करणाऱ्या योहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये मांडलं की माणूस जे कष्ट घालतो आणि त्याला जे परत मिळतं त्यांचा तोल सतत बिघडलेला असला तर शरीर आजारी पडतं. परत मिळणं म्हणजे त्याने तीन गोष्टी धरल्या: पैसा, मान, आणि पुढे जाण्याची वाट व नोकरीची शाश्वती. अभय यांच्याकडून शाश्वती हिरावली गेली, तुमची पुढची वाट बंद झाली. दोघांचंही दुखणं खरं आहे. एकाचं मोठं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही. पगार वेळेवर मिळतो एवढ्याने तो तोल सावरत नाही, हे ज्यांनी कायम पगाराचीच चिंता केली त्यांना पटवणं अवघड जातं. माझ्या बाबांनाही पटलं नव्हतं. ते स्वतःलाच दोष देत राहिले.

फोनबद्दल थोडं. मनात एक आणि पगारासाठी चेहऱ्यावर दुसरं ठेवावं लागणं, हेही श्रमच आहेत असं अमेरिकेतल्या आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं. बँकवाली ताईंनी अचूक ओळखलंय, की तो फोन आणि ती पॉलिसी एकाच जातीचे आहेत. तुमच्या बाबतीत तर आणखी खोल जातं, कारण या कामात तुमची श्रद्धा आहे. ज्यांना काही वाटतच नाही ते असा फोन करतात आणि चहा पितात.

आता समुपदेशक म्हणून. १५०/९६ हे एकदाच मोजलेलं असलं तरी आठवड्याभरात डॉक्टरकडे जा, ते पुढे ढकलू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेतून येणारी अवस्था म्हटलं आहे: सगळी शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्याने काही होत नाही असं वाटणं. तुमचं काम अजून तुम्हाला आवडतं, त्यामुळे मला आशा वाटते. पण समारोहाला जाववलं नाही, हे मला खटकलं. लांब रजेतही गाणं नकोसं वाटत असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर ते कामाच्या पलीकडचं असू शकतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तिथे हिंदीत बोलता येतं, मराठीतही. तुम्ही तिथे बोललात म्हणून तुमच्या सीआरमध्ये, म्हणजे गोपनीय अहवालात, काही लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण सरकारी नोकरीतले लोक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो.

लष्करवाली, ग्वाल्हेर

सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला, माफ करा. मनोविद्या ताई, तो तिप्पटचा आकडा वाचून आधी भीती वाटली आणि मग का कोण जाणे, मोकळं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं मीच हळवी आहे.

डॉक्टरकडे जाऊन आले. गोळी सुरू झाली, महिन्याने परत बोलावलंय. समारोहाला यंदा जाईन की नाही याचा शब्द देत नाही, पण परवा रात्री स्वयंपाकघरात रेडिओ लावला.

अभय, तुमच्यावर मुळीच राग नाही. तुमच्या वडिलांच्या पेन्शनचं लिहिलंत ते मी आमच्या आउटसोर्सच्या मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, आपण रोज हेच करतो ना? त्याला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते मीच. तो अडीच वर्षं माझ्या शेजारी बसतो आणि फक्त आकडे भरतो. आता ठरवलंय, ज्याचं पेन्शन सुरू होईल त्याला फोन त्यानेच करायचा. काल पहिला केला, एका शिपायाच्या विधवेला, भितरवारला. बराच वेळ नुसतंच 'जी अम्मा, जी अम्मा' म्हणत होता.

काका, वही आणली. दाल बाजारातून, लाल पुठ्ठ्याची. ४१ प्रकरणं लिहून काढली. त्यातली माझ्या टेबलावर फक्त ७ आहेत. मी मनात ४१ च्या ४१ घेऊन फिरत होते.

नोटशीट तुम्ही सांगितलीत त्याच शब्दांत टाकली. साहेबांनी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मग मी ड्रायव्हर दादांना फोन केला. आक्षेपाचा क्रमांक, तारीख, कुठे अडलंय, मी काय शोधते आहे, सगळं सांगितलं. तक्रार बंद करा असं म्हटलं नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं, आणि म्हणाले, त्या वेळच्या बाबूंचा मुलगा अजून दौलतगंजात राहतो, मी विचारून बघतो. तक्रार अजून सुरू आहे. ती एल-३ वर गेली आणि या सोमवारी साहेबांना पुन्हा ऐकावं लागलं, त्यांचाही चेहरा उतरलेला होता. पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. त्यांच्याही हातात ते विकल्पपत्र नाही.

काका, एक विचारायचंय. ते पत्र मिळालंच नाही तर त्या वेळची जुनी वेतन देयकं चालतील का? आमच्या दप्तरखान्यात खाली गठ्ठे आहेत, कडेच्या काहींना वाळवी लागली आहे.

निवृत्त लेखापरीक्षक, ग्वाल्हेर

चालतील की नाही ते पेन्शन कार्यालय ठरवेल, पण लावायला नक्की लाव. नव्या वेतनमानातलं पहिलं देयक आणि त्याआधीचं शेवटचं, दोन्ही हवीत. त्यांच्या बरोबर त्या वेळी रुजू असलेल्या दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरची निश्चिती जोड, म्हणजे तुलना होईल. गठ्ठे एकटी उपसू नकोस, त्या मुलाला बरोबर घे आणि नाकाला रुमाल बांध. शनिवारी मी रिकामा असतो. साहेबांची परवानगी काढलीस तर येऊन बसेन. जुन्या देयकांची अक्षरं मला तुमच्यापेक्षा लवकर लागतात.